म्हातारीला कोमट पाणी

लष्करातल्या प्रत्येक गाडीला नंबर असतो. तो पुढे आणि मागे पांढऱ्या रंगाने लिहिलेला असतो, कागदोपत्री तोच चालतो, आणि गाडीजवळ उभं राहून तो कधी कोणी उच्चारत नाही. डोंगराच्या पायथ्याला असलेल्या तळावर चार हलक्या गाड्या होत्या. हलकी गाडी म्हणजे जिच्यात चार-पाच माणसं आणि थोडं सामान मावतं, वर कापडी टप असतो आणि दारं असली तर असतात, नसली तर नसतात. मोठ्या ट्रकला कोणी लाडाचं नाव ठेवत नाही. हलक्या गाडीला ठेवतात, कारण ती अडली की उतरून ढकलावी लागते, आणि ढकलताना शिव्या द्यायला काहीतरी नाव हवं असतं.

एक होती शेळी. ती कुठल्याही चढावर चढायची आणि तिचा हॉर्न बें बें करायचा. एक बेडूक. तिचा क्लच असा झिजला होता, की ती निघताना दोन उड्या मारूनच निघायची. आजारी माणसाला न्यायची गाडी बंदिस्त होती आणि तिच्यात सगळं खडखडायचं, म्हणून ती डबा. ही नावं कोणी ठरवून ठेवली नव्हती. कोणाच्या तरी तोंडातून पडली आणि चिकटली.

चौथी गाडी म्हातारी. तिचं नाव मिस्त्रीच्या तोंडून पडलं होतं.

मिस्त्री म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा. थंडीत तिथे रोज संध्याकाळी रेडिएटरमधलं पाणी काढून टाकावं लागे, नाहीतर पाण्याचा बर्फ होऊन इंजिनाला तडा जायचा. सकाळी पाणी परत भरायचं. बाकीच्या गाड्या गार पाण्यावर सुरू व्हायच्या. ही मात्र दोनदा खोकायची आणि गप्प बसायची. एका सकाळी सगळे हात काखेत धरून तिच्याभोवती उभे असताना मिस्त्री म्हणाला, "आमची म्हातारी घरी अशीच करते. उठली की दोनदा खोकते आणि गप्प. कोमट पाणी दिल्याशिवाय पुढचा शब्द नाही."

कोणीतरी स्वयंपाकखोलीतून कोमट पाण्याची बादली आणली. पाणी ओतलं आणि गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून ती म्हातारी, आणि तिचा ड्रायव्हर जावई.

"अजून लग्न नाही माझं," जावई म्हणायचा, "पण सासूचं सगळं करून बसलोय."

मिस्त्रीने ही गोष्ट फोनवर आईला सांगितली तेव्हा ती खोकला येईपर्यंत हसली. नंतर प्रत्येक फोनला तिचा पहिला प्रश्न तोच असे.

"म्हातारी कशी आहे?"

"कोणती?"

"तुझी तिकडची. माझं काय, मी आहे."

घरी आईजवळ मिस्त्रीची मोठी बहीण होती आणि तिचा नवरा. ते दाजी. दाजींना एक सवय होती. लग्नाच्या पहिल्या वर्षांत ते सासूशी थेट बोलायला लाजायचे, सगळं बायकोकरवी सांगायचे. पाणी दे म्हणावं. मी जेवून आलोय म्हणावं. पुढे लाज गेली, पण शब्द राहिला. आता ते सासूच्या शेजारी बसून तिच्याशीच बोलतानाही शेवटी 'म्हणावं' लावायचे, आणि ती म्हणायची, "कोणाला म्हणू? मीच आहे इथे."

घरात फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत होता, आई तिथेच येऊन बोलायची, आणि तिथला शिपाई दाजींच्या ओळखीचा होता. मिस्त्रीने मागच्या सुट्टीतच दोघांना नीट समजावून सांगितलं होतं : काही लागलं तर चौकीतून फोन करा, पण माझं नाव घेऊ नका, मिस्त्री म्हणा. नावाने मला तिकडे कोणी ओळखत नाही.

आता आईने अंथरूण धरलं होतं. ये, असा ताईचा निरोप आला होता आणि सुट्टी मंजूर झाली होती. पिशवी भरून खाटेवर ठेवलेली होती. दुपारच्या जेवणानंतर किराण्याचा ट्रक खाली जायचा, तिथून बस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घर. मिस्त्रीला आई डोळे उघडे असताना भेटायला हवी होती. एवढंच हवं होतं. बोलली नाही तरी चालणार होतं.

त्या सकाळी जावई म्हातारीत सामान भरून वरच्या चौकीवर गेला होता. ही चौकी डोंगराच्या माथ्यावर होती. तिथे पहाऱ्यावरची काही माणसं राहायची आणि एक टेलिफोन होता. मिस्त्री निघण्याआधी बेडकाचा क्लच उरकावा म्हणून तिच्याखाली शिरला होता. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते.

टेलिफोनच्या खोलीतून ऑपरेटर आला. ऐकलेला निरोप तो आवाजासकट परत म्हणायचा, म्हणून त्याला पोपट म्हणायचे.

"मिस्त्री, चौकीवरून फोन होता. म्हातारी गेली. तुला ताबडतोब पाठवा म्हणतायत."

दुरुस्तीच्या कामात सगळं जातच असतं. बॅटरी जाते, ब्रेक जातात, पंप जातो. गेली म्हणजे बंद पडली.

"आजच जायचं होतं हिला?" मिस्त्री गाडीखालूनच म्हणाला.

"मला काय विचारतोस?"

"कशाने गेली? पंप की काय?"

"ते नाही सांगितलं. लाइन खरखरत होती. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाला आणि ठेवला."

उस्ताद बाकावर बसून नट पुसत होता. सगळ्या दुरुस्तीचा प्रमुख तो. "जाऊन ये," तो म्हणाला. "ट्रक जेवणानंतर आहे. शेळी घे, वेळ पुरतो."

"आणि सुरू नाही झाली तर?"

"तर बांधून ओढून आण. अजून भंगारात काढलेलं नाही तिला."

"काढा एकदाची," मिस्त्री बाहेर सरकत म्हणाला. "तीही सुटेल आणि मीही."

सगळे हसले. पोपटही हसला.

मिस्त्रीने पंपाचं सामान एका पोत्यात घेतलं आणि शेळी काढली. वाट एका गाडीपुरतीच होती. वळणावर तो हॉर्न वाजवत होता आणि मनात म्हातारीचा पंप उघडत होता. पडदा फाटला असेल तर बदलायला वेळ लागणार नाही. झडप अडकली असेल तर त्याहून कमी. परत येऊन हात धुवायचे, पिशवी उचलायची आणि ट्रकमध्ये बसायचं. घरच्या म्हातारीला सांगायचं, तुझ्या जोडीदारणीने निघता निघता खोडा घातला.

वर चौकीपाशी म्हातारी उन्हात उभी होती आणि जावई तिची काच पुसत होता.

"तू कसा काय?" तो म्हणाला.

"ही गेली ना."

"कुठे गेली? ही काय इथे आहे."

"बंद पडलीय ना?"

"माझी सासू आहे, मला नको कळायला?" जावई आत बसला आणि बटण दाबलं. इंजिन लगेच लागलं. "बघ. आज तर एका बादलीत उठली. आल्या आल्या कौतुक करावं म्हटलं तर तू हिच्या मरणाच्या बातम्या घेऊन आलास."

"मग फोन कोणी केला?"

पहाऱ्यावरचा माणूस म्हणाला, सकाळपासून फोनला कोणी हात लावलेला नाही.

"पोपटाला स्वप्न पडलं असेल," जावई म्हणाला.

"पोपटाला स्वप्नं पडत नाहीत. तो ऐकलेलंच बोलतो." मिस्त्री आत गेला आणि त्याने खाली फोन लावला. "पोपट, इथून कोणी फोन केला नाही. काय ऐकलंस ते शब्दाला शब्द सांग."

 पोपटाने आवाज जाड केला आणि सकाळी ऐकलं होतं तसं म्हणून दाखवलं.

"चौकीवरून बोलतोय. म्हातारी गेली म्हणावं. मिस्त्रीला ताबडतोब पाठवा म्हणावं. अंधार पडेपर्यंत थांबतो म्हणावं."

फोनशेजारी भिंतीवर एक खिळा होता. त्याला काही टांगलेलं नव्हतं. मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला.

"हॅलो," पोपट म्हणाला. "ते अंधाराचं मला कळलं नाही. वाटलं, खाली यायची घाई असेल. हॅलो. मिस्त्री?"

मिस्त्रीने फोन ठेवला. तो बाहेर आला, म्हातारीचं झाकण उघडलं आणि पेट्रोलच्या नळीची क्लिप आवळायला घेतली. ती घट्टच होती. त्याने ती सैल केली आणि पुन्हा घट्ट केली.

"काय झालं?" जावयाने विचारलं.

"दाजींचा फोन होता. तिकडच्या चौकीतून."

जावई काच पुसत होता. पुसता पुसता त्याचा हात थांबला. त्याने तोंड उघडलं, गाडीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"बस आत," तो म्हणाला.

शेळी तिथेच ठेवून ते म्हातारीतून खाली आले. तळावर किराण्याचा ट्रक अजून उभा होता. कोणीतरी मिस्त्रीची पिशवी त्यात नेऊनही ठेवली होती. पण ट्रकने गेलं की बस, आणि बसने घर म्हणजे उद्याची सकाळ. दाजी आज अंधार पडेपर्यंत थांबणार होते. त्याच्यापुढे कोणाला थांबता येत नाही.

जावयाने उस्तादला बाजूला नेऊन सांगितलं. उस्तादने ऐकून घेतलं. "सकाळीच कळलं असतं तर हा आत्तापर्यंत अर्ध्या..." एवढं बोलून तो थांबला. त्याने स्वतः ट्रकमधून पिशवी काढली आणि म्हातारीच्या मागच्या बाकावर ठेवली.

"ही घेऊन जा," तो जावयाला म्हणाला. "ही म्हणजे..." त्याने गाडीकडे बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं. मग तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि पुढच्या पट्टीवरचा नंबर एकेक आकडा करून वाचू लागला, शाळेत पहिल्या बाकावरचं मूल वाचतं तसा. इतक्या वर्षांत तो नंबर त्याने पहिल्यांदा वाचला असेल. "या नंबरची गाडी दुरुस्त झालेली आहे. दुरुस्तीनंतर लांबची चाचणी घ्यावी लागते. याच्या घरापर्यंत चाचणी घे आणि उद्या परत ये."

"दुरुस्ती झालीच नाही," मिस्त्री म्हणाला. "काही बिघडलंच नव्हतं."

"तू बस आत."

टेलिफोनच्या खोलीच्या दारात पोपट उभा होता. "मी ऐकलं तेच सांगितलं रे," तो म्हणाला. "फक्त ते म्हणावं-म्हणावं गाळलं. वाटलं, बोलायची पद्धत आहे एखाद्याची."

"पद्धतच आहे," मिस्त्री म्हणाला.

गाडी फाटकातून बाहेर पडली. घाट उतरला, पूल आला, पुलापलीकडे सपाट रस्ता लागला. या गाड्या पुलापुढे सहसा जात नसत. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकत होता. आईचा चेहरा आठवावा म्हणून त्याने डोळे मिटले, तर पंपाचा पडदा दिसला, चारी बाजूंनी छोटे स्क्रू असलेला. त्याने डोळे उघडले.

"आजच जायचं होतं हिला, असं म्हणालो मी," तो म्हणाला.

"गाडीला म्हणालास."

"हो. गाडीलाच."

 जावई एरवी चालवताना म्हातारीशी सारखा बोलायचा. चल म्हातारे, दम टाक म्हातारे, या खड्ड्याला माफ कर म्हातारे. आज तो नुसता गिअर बदलत होता. एका चढावर काटा वर सरकला तेव्हा तो म्हणाला, "गरम होतेय... गाडी."

"नाही होत. काटाच तसा आहे."

आणि खरंच झाली नाही. इतकी सरळ ती कधीच चालली नव्हती. मध्ये एकदा पेट्रोल घ्यायला थांबले तेवढंच. ती लगेच सुरू झाली, एकदाही न खोकता. मिस्त्रीला तिचा राग यायला हवा होता, किंवा बरं तरी वाटायला हवं होतं. यातलं काही आलं नाही. पेट्रोल पंपावर जावयाने चहा आणला. मिस्त्रीने तो प्यायला आणि कप परत नेऊन दिला.

ते गल्लीत शिरले तेव्हा दिवे लागले होते. समोरून माणसं येत होती, सावकाश, एकमेकांशी न बोलता. त्यांत दाजी होते. गाडीचे दिवे अंगावर पडले तसे ते बाजूला झाले, मग त्यांनी मिस्त्रीला ओळखलं आणि तिथेच उभे राहिले. मिस्त्री उतरला. दाजी त्याच्याकडे न बघता चालत दारापर्यंत गेले. दारात ताई उभी होती. ते तिला म्हणाले, "थांबलो होतो म्हणावं. उजेड होता तोवर थांबलो. मग माणसं म्हणाली, आता न्यायला हवं."

मिस्त्री त्यांच्या मागेच उभा होता.

"फोन सकाळीच केला होता म्हणावं," दाजी बायकोला म्हणाले. "दोनदा सांगितलं."

"मिळाला निरोप," मिस्त्री म्हणाला.

"मग?" ताईने विचारलं.

त्याने गाडीकडे पाहिलं. जावई दिवे बंद करत होता. "गाडीला वेळ लागला," तो म्हणाला.

आत आईची खाट भिंतीला लावून उभी केलेली होती. जिथे ती असायची तिथली फरशी पुसलेली होती आणि अजून पूर्ण वाळली नव्हती. शेजाऱ्यांनी आणून दिलेलं जेवण ताईने सगळ्यांना वाढलं. मिस्त्री जेवला. जेवताना त्याने विचारलं, "डोळे उघडे होते?"

"उजाडेपर्यंत होते. मग मिटले."

"काही बोलली?"

"तुझी म्हातारी कशी आहे म्हणून विचारलं." ताईने भांडं जरा सरकवलं. "मला काय माहीत असणार? मी म्हटलं, चालतेय."

"बरं केलंस."

"चालतेय ना?"

"चालतेय."

सकाळी मिस्त्रीला जाग आली ती खोकल्याने. दोनदा खोकला, मग शांतता. तो पडून राहिला. शेजारच्या खोलीत ताई उठली. तिची पावलं स्वयंपाकखोलीत गेली. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज झाला, गॅस पेटला. मग तीही थांबली.

मिस्त्री उठून गेला. ताई ओट्यापाशी उभी होती. गॅसवर आईचं छोटं पातेलं होतं आणि ताईची करंगळी पाण्यात होती, कोमट झालं का बघायला. बोट तसंच ठेवून ती त्याच्याकडे बघत होती.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

"गाडी आहे," मिस्त्री म्हणाला. "जावई सुरू करतोय."

ताईने बोट बाहेर काढून पदराला पुसलं. गॅस बंद करायला तिने हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "हे लागणारच आहे."

त्याने पातेलं फडक्याने धरून बाहेर नेलं. जावई म्हातारीचं झाकण उघडून उभा होता. त्याचा चेहरा पडलेला होता.

"रात्री सवयीने पाणी काढून टाकलं रे मी," तो म्हणाला. "इथे बर्फ कुठला होतोय! हात आपोआप गेला. आता नळाचं गार घातलं तर हट्ट धरून बसली... गाडी."

"म्हातारी म्हण," मिस्त्री म्हणाला.

जावई ओले हात पँटला पुसू लागला.

"नाव आहे तिचं. मीच ठेवलंय. ते गार पाणी काढ."

जावयाने रेडिएटरची खालची तोटी फिरवली. पाणी गल्लीत वाहून गेलं. मिस्त्रीने रेडिएटरच्या तोंडाशी पातेलं तिरकं धरलं आणि हळूहळू ओतलं, जरा थांबत, ठसका लागू नये असं. पातेलं रिकामं झालं. रेडिएटरमध्ये डोकावलं तर तळ जेमतेम ओला झाला होता.

"एवढ्याने काय होणार तिचं?" जावई म्हणाला.

मिस्त्री रिकामं पातेलं घेऊन दारापर्यंत आला. ताई उंबऱ्यात उभी होती. तिच्यामागे दाजी डोळे चोळत आले होते.

"ताई, अजून ठेव पाणी," तो म्हणाला. "म्हातारीला कोमट लागतं."

"किती लागेल म्हणावं?" दाजींनी ताईला विचारलं.

"बादलीभर," मिस्त्री म्हणाला.

ताई आत गेली आणि तिने फळीवरून मोठं पातेलं काढलं.